सलग वास्तव्य

आमच्या लिथुआनियात लग्न झालं की बाईचं आडनाव शेपटासकट बदलतं. रिमकुसची मुलगी म्हणून मी झिविले रिमकुते होते, कैरिसशी लग्न करून झिविले कैरिएने झाले. आडनाव ऐकलं की कळतं, ही कुमारी की लग्नाची. इंग्लंडमधल्या कॉम्प्युटरला मात्र त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

इथे लिंकनशरमध्ये कोबी पॅक करायच्या शेडमध्ये मी लग्नाआधीपासून राबतेय. तरी कायम राहण्याचा अर्ज अडकला. परवान्याच्या खात्याने करखात्याला विचारलं. करखात्याने कळवलं, कैरिएने बाईंचं काम लग्नानंतरच सुरू झालंय, वर्षं कमी पडतात. शुक्रवारपर्यंत परवाना नाही आला तर शेडवाले मला काढणार होते, आणि मग देशच सोडावा लागला असता. माझी मुलगी लिएपा इथल्या शाळेत जाते; तिचा आणि तिच्या बाबांचा परवाना कधीच झाला होता. तिला सोडून मला एकटीला परतावं लागलं असतं.

रिमकुते आणि कैरिएने एकच, हे दाखवायला मी लग्नाचा दाखला पाठवला. परवान्याच्या खात्यातून हार्परबाईंचा फोन आला.

"रिमकुते म्हणजे तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा कर या महिन्यातही जमा झालाय. तुमच्याच शेडमधून."

माझा नवरा गिंतारस हे ऐकून हसला. दुसरी असेल तर तिला भांडी घासायला पाठव म्हणाला. मला काही हसू आलं नाही. माझं जुनं नाव कोणीतरी चोरलंय असं धरून मी दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर गिरणीमागच्या घरी गेले. लग्नाआधी मी तिथे भाड्याने राहायचे, आणि हार्परबाईंकडच्या नोंदीत त्या रिमकुतेचा पत्ता अजून तोच होता.

घरमालकीण मिसेस पेलने दार उघडलं. इतक्या वर्षांनी मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"किल्ली परत विसरलीस ना गं," म्हणाली आणि आत निघून गेली.

जिन्यात शेपू घातलेल्या सूपचा वास होता. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. दोरीवर माझ्या मापाचा ओव्हरऑल वाळत होता. उशीवर एक लांब केस पडला होता. लिएपा झाल्यावर मी केस कापले, ते पुन्हा वाढवले नाहीत.

टेबलावरच्या कपाला हात लावला. चहा गरम होता.

न्हाणीघरातला नळ बंद झाला.

मी पळत सुटले.

कोपऱ्यावर पोचते तोच हार्परबाईंचा फोन. फोटो जुळले होते, ठसेही जुळले होते. बाई एकच होती.

"दोन्ही नोंदी एकत्र केल्या तर वर्षं भरतात," त्या म्हणाल्या. "जुनी नोंद कायम राहील, नवी तिच्यात जाईल. चालेल?"

मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. लिएपापासून मला कोणी तोडणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"चालेल. लगेच करा."

"झालं. आता तुम्हाला इथून कोणी काढू शकत नाही, मिस रिमकुते."

मिस म्हणाल्या. आनंदाच्या भरात मी त्यांना दुरुस्तही केलं नाही. रस्ताभर रडत, हसत घरी आले आणि बेल वाजवली.

दार गिंतारसने उघडलं.

"काय हवंय आपल्याला?" त्याने अदबीने विचारलं. तेही इंग्रजीत.

मी त्याच्या खांद्यावरून आत डोकावले.

आतून लिएपाने विचारलं, "बाबा, कोण आलंय?"

"कोणी नाही गं," तो आमच्या भाषेत म्हणाला. "तू जेव."