हातबदल

सगळी म्हातारी निमूटपणे सुटी झाली, पण हँडल काही निघेना.

म्हातारी म्हणजे वर्कशॉपमधला लेथ. पट्टे निघाले, गिअर निघाले, झिजलेला लांब स्क्रू काळ्या ग्रीसच्या थरासकट बाहेर आला. लोखंड कापणारं टूल आत-बाहेर सरकवायचं ते मुठीएवढं हँडल मात्र हटून बसलं होतं. त्याचा दांडा आप्पांच्या तळव्याला घासून घासून आरशासारखा झाला होता. इतका, की ठिणगीला त्यात स्वतःचं वाकडं नाक दिसत होतं.

ठिणगी ही आप्पांची धाकटी लेक. लहानपणी ग्राइंडरपाशी बसून तिनं इतक्या फ्रॉकांना भोकं पाडून घेतली, की आईनं वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता मोटारी आणि कंट्रोलर यांचं रीतसर शिक्षण घेऊन ती परत आली होती, तरी वर्कशॉपात ठिणगी ती ठिणगीच.

आप्पांच्या उजव्या खांद्यानं राजीनामा दिला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "हा हात असाच चालवलात तर उद्या घाससुद्धा उचलता येणार नाही." नवं मशीन घेणं आवाक्याबाहेरचं होतं. वर्कशॉप बंद करावं, तर आप्पा दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे बघत बसले असते. तेव्हा ठिणगीनंच टूम काढली. म्हातारीलाच मोटारी बसवायच्या, शेजारी कंट्रोलरची पेटी ठेवायची, बटण दाबायचं आणि आप्पांनी अंगणापलीकडच्या घरात, खिडकीतल्या खुर्चीत बसून आराम करायचा.

"आणि मी?" मामानं विचारलं होतं. मामा म्हणजे आईचा भाऊ. माल आणणं, पोचवणं आणि दिवसभर बोलणं ही त्याची खाती.

"तू बटण दाबायचंस."

"चला! म्हणजे उतारवयात साहेब झालो."

म्हातारीचं एक दुखणं मात्र जुनं होतं. ज्या लोखंडी बेडवरून टूल सरकतं, तो चकपाशी, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यापाशी, खोल झिजला होता. तिथं पोचलं की टूल किंचित मागे हटायचं आणि कातायला लावलेला शाफ्ट त्या टोकाला जाड यायचा. आप्पा नेमके तिथं हँडलवर केसभर दाब द्यायचे. "म्हातारीची कंबर धरते तिथं," ते म्हणायचे. "जरा आधार द्यावा लागतो." त्यांच्या पायाखालच्या फळीवर दोन पावलांचे खळगे पडले होते. दुसऱ्या कुणाचे पाय त्यात कधी नीट बसले नाहीत.

आणि वर्कशॉपात एक रीत होती. लांब कट मध्येच थांबवला, तर जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, कायमचा वळ उठतो. म्हणून चालू कटात हात बदलायचा झाला, तर घेणाऱ्यानं हँडलवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरलं." मगच देणाऱ्यानं सोडायचं. एकदा मामा हात ठेवून नुसताच उभा राहिला, बोलायचं विसरला. बाहेर फोन ओरडून ओरडून गप्प झाला, पण आप्पा कट संपेपर्यंत हँडल धरून तिथंच.

"अहो दाजी, मी धरलं होतं की!"

"म्हणालास का?"

संपलं.

तर ते हँडल. शेवटी आप्पाच उठून आले. डाव्या हातानं त्यांनी ठिणगीला बाजूला सारलं, उजव्यानं दांडा धरला, जरासा मागे, मग पुढे, आणि हँडल लोण्यातून सुरी निघावी तसं बाहेर आलं. ते हातात घेऊन आप्पा उभे राहिले.

"द्या इकडे," असं ठिणगी म्हणणार होती, पण तिच्या ओठांत चार स्क्रू धरलेले होते. तिनं हात पुढे केला आणि नुसतंच "हं" केलं. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी राहिलंय, अशा नजरेनं. मग तिनंच हँडल त्यांच्या मुठीतून हळूच ओढून घेतलं आणि जुन्या गिअरांच्या खोक्यात टाकलं.

आप्पांची मूठ तशीच राहिली. म्हाताऱ्या हातांचं असं होतं, ठिणगीला वाटलं.

मोटारी बसवून झाल्यावर पहिला शाफ्ट तिनं नुसता चाचणीपुरता घेतला. चकपाशी तो जाड येणार, हे ठरलेलंच होतं. किती जाड येतो ते मोजून मग कंट्रोलरला तेवढी दुरुस्ती शिकवायची, असा बेत होता. मायक्रोमीटर लावला. या टोकाला, मध्ये, त्या टोकाला. शाफ्ट सरळ होता. एकसारखा, गुळगुळीत.

"पहिल्याच दिवशी पहिला नंबर!" मामानं टाळी मागितली.

ठिणगीनं टाळी दिली, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. चांगलं झालं की कारण शोधायचं नसतं, असं मामाचं मत. ठिणगी मात्र त्या जातीची नव्हती. तिनं टूलला केसभर हालचालही दाखवणारा घड्याळी गेज लावला. कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता. चकपाशी आल्यावर गेजचा काटा मात्र केसभर सरकला. टूल आत ढकलणारी मोटर स्तब्ध होती आणि तरी टूल आत जात होतं. तिनं सगळे बोल्ट आवळले. स्क्रूला ढिलाई आहे का पाहिलं, नव्हती. पुन्हा कट घेतला. पुन्हा काटा तिथंच, तेवढाच, सावकाश सरकला. कुणीतरी आधार द्यावा तसा.

गिऱ्हाइकाकडे नमुने पास झाले आणि काम सुरू झालं. ठिणगीनं विषय मनात मागे सारला.

घरी मात्र आई धुसफुसत होती. "हा आराम म्हणायचा की हमाली? दिवसभर खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी असे येतात, जसं काही पोती वाहिलीत."

आप्पा खरंच दमत होते. लेथवर उभे असतानाही असे कधी दमले नव्हते. डोळ्यांखाली काळं साचलं होतं. बोलणं अर्ध्यावर सोडून द्यायचे. जेवताना चमचा डाव्या हातात धरायचे, उजवा हात मांडीवर, मूठ वळलेली. एकदा ठिणगीनं तो हात हातात घेऊन पाहिला. बसून राहिलं की तळव्याचे घट्टे नरम पडतात. आप्पांचे ताजे होते. आणि हाताला लेथवरच्या कूलंटचा तो आंबूस, दुधट वास येत होता.

"आप्पा, वर्कशॉपात येऊन गेलात का?"

"छे गं. उठायचंच जिवावर येतं."

एका दुपारी आईनं त्यांना झोपेची गोळी दिली. त्याच दुपारी म्हातारीनं दगा दिला. शाफ्टमागून शाफ्ट चकपाशी जाड यायला लागला. मामा घामाघूम झाला. "मी फक्त बटण दाबलंय, शपथ!" ठिणगीनं सगळं तपासलं. काही बदललं नव्हतं. ऊन कलायला लागलं तसे शाफ्ट आपोआप सरळ यायला लागले. तिनं सहज मान वर केली. अंगणापलीकडे, खिडकीत, आप्पा जागे होऊन खुर्चीत सावरून बसत होते.

तिनं पुढचा जॉब चढवला आणि बटण दाबलं.

टूल सरकत चकाकडे निघालं. गेजचा काटा हलला.

खिडकीत आप्पांची मूठ हलली. किंचित. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं.

तिनं थांबा-बटण दाबलं. मूठ थांबली.

चालू केलं. मूठ पुन्हा वळली. आप्पांचे डोळे मिटलेले होते.

"काय गं, कट मध्येच तोडलास?" मामा म्हणाला. "वळ उठला ना त्याच्यावर."

ठिणगीनं मशीन बंद केलं आणि अंगण ओलांडलं. चप्पल घालायचंही सुचलं नाही.

आप्पांनी डोळे उघडले. "कट संपला?"

"बंद केलंय मी मशीन."

"ते कळलं." त्यांनी मान मागे टेकली. "बंद केलं की थांबतं गं. पण सुटत नाही."

"काय सुटत नाही आप्पा?"

त्यांनी मुठीकडे पाहिलं. ओझं उचलून उभ्या असलेल्या माणसाला ते ठेवायला जागा दिसू नये, तसं.

"आप्पा, मी सगळं काढून टाकते. मोटारी, पेटी, सगळं. बंदच ठेवू वर्कशॉप."

"त्यानं काय होणार? हँडल तू नेलंस. मी सोडलं कुठं?" ते रागावले नव्हते. दमले होते, इतकंच. "उभं राहवत नाही आता."

ठिणगीला तोंडातल्या स्क्रूंची चव आठवली. लोखंडाची, थंड.

ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. आप्पांच्या मुठीशेजारी हवेत तिनं हात नेला, लहानपणी हात बदलायला शिकवलं होतं अगदी तसा, अंगठा वर ठेवून. तिथं काहीच नव्हतं. तरी बोटं मिटताना एका जागी अडली. गार, गुळगुळीत.

"धरलं," ती म्हणाली.

आप्पांनी एकेक बोट उघडलं. तळव्यावर दांड्याएवढा गोल, पांढरा ठसा होता, रक्त उतरलेला. त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की आई स्वयंपाकघरातून धावत आली. तोवर त्यांना झोप लागली होती.

त्यानंतर आप्पा सुधारले. घट्टे सालटं निघून मऊ झाले. खांदा दुखायचा थांबला. घास उजव्या हातानं उचलायला लागले आणि मामाची फिरकी घ्यायलाही. "साहेब, बटण दाबून दाबून अंगठा सुजला का हो?" मामा खूश, आई खूश. वर्कशॉप चाललं होतं. म्हातारीकडून शाफ्ट सरळ येत होते, एकूण एक.

एका दुपारी सगळे जेवायला बसले. मामाचं आधीच आटपलं होतं, तो अंगणापलीकडे जॉब लावायला गेला. थोड्या वेळानं म्हातारीची घरघर सुरू झाली. ठिणगीच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. तिनं ताट पुढे ओढलं आणि चमचा डाव्या हातानं उचलला.

आईचा हात वाढता वाढता थांबला.

"उजव्या हाताला काय झालं गं? बघू."

आई हात पुढे करून वाट बघत होती. ठिणगीनं आपली वळलेली मूठ पाठीमागे नेली.

"नको आई," ती म्हणाली. "तू हात नको लावूस."