सोळा बिटची हाक

दुपारी एकच्या सुमारास तो माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरला, तेव्हा मी चहात पाव बुडवत होते. उंच, घामेजलेला, हातात एक कागद. त्याने तोंड उघडलं… आणि आवाजच नाही.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

त्याने गळ्यावर बोट ठेवलं, मग अगदी जवळ येऊन कुजबुजला, "जय भीम मॅडम. मी प्रेमानंद. दवंडीची जीप माझी. घसा बसला."

चार वाजता सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडणार होते. औंढ्यात तर कडक ऊन होतं, पण वर कुठेतरी धो धो पडला होता. नदीपात्रातल्या लोकांना आधी बाहेर काढायचं काम त्याच्या जीपकडे होतं. पण कालच जीपच्या माइकमध्ये पाणी गेलं, दिवसभर तो तोंडाशी हात धरून ओरडत फिरला, आणि आज हे असं. आता दवंडी रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर न्यायची होती.

"आवाज कोणाचा?"

"तुमचाच की." तो हसला. भलता गोड हसला, मेला! "माझा तसा बी उपयोग न्हाई. माझे बाबा नदीत जाळं टाकून बसल्यात. फोन घरी. माझा आवाज आला की म्हन्तात, पोरगंच हाय, वरडू दे."

हे सांगताना मात्र त्याचं हसू गेलं.

मी माइकसमोर बसून कागद वाचला. मग फाइल बनवायची, तर सॉफ्टवेअर बिट विचारतं — सोळा, चोवीस की बत्तीस? आवाजाचे चढउतार किती बारीक मोजायचे, त्याचं ते माप. तो मागून वाकून बघत होता. इतक्या जवळून, की त्याच्या शर्टाचा डिझेलचा वासही मला बरा वाटायला लागला.

"सोळा ठेवा," तो कानाशी म्हणाला. "जीपचं मशीन जुनं हाय."

माझी खोली, माझं सॉफ्टवेअर, आणि हा मला शिकवणार? एरवी मी दुसऱ्यांचेच आवाज टिपते. माझा आवाज कोणीतरी पहिल्यांदाच मागितला होता.

"माझ्या आवाजाला कमी काहून?" मी ठसक्यात चोवीस निवडलं. त्याने वाद न घालता पेनड्राइव्ह खिशात टाकला. घशामुळे की माझ्यामुळे, कोण जाणे.

सव्वादोनला जीप पुन्हा दारात.

"वाजत न्हाई." त्याचा चेहरा पार उतरला होता. "मशीनवर फाइलचं नाव दिसून राहिलं, आकडे पळतात… आवाज न्हाई."

मी लॅपटॉप काखोटीला मारला आणि सरळ जीपमध्ये चढले. वाटेत फाइल पुन्हा भरली. काही नाही. पेनड्राइव्ह ओढणीने पुसला, फुंकला, लावला. डोक्यावरचा भोंगा मुकाच.

"बाबा मधल्या खडकावर असत्यात," प्रेमानंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "पानी आलं की चारी बाजूनं…"

त्याने जीपचा वेग वाढवला. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. चोवीस बिटची फाइल त्या जुन्या मशीनला वाचताच येत नव्हती! त्याने सांगितलं होतं, आणि मी हट्टाला पेटले होते. गप्प राहून गुपचूप बदलता आलं असतं. पण त्याच्या कपाळावरची शीर बघून ते जमेना.

"प्रेमानंद… चूक माझी हाय. मी मुद्दाम चोवीस ठेवलं."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उतरवून देतो.

"मंग आता सोळा करा," तो म्हणाला. "भांडू मंग."

रस्ता कसला, नुसते खड्डे. माझं बोट हुकायचं, सोळाऐवजी बत्तीसवर पडायचं. त्याने डावा हात लांबवून लॅपटॉप माझ्या मांडीवर घट्ट धरला, एका हाताने जीप चालवत. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सोळा. नदीकाठी पोचताच पेनड्राइव्ह मशीनमध्ये…

"नदीपात्रात कोणी थांबू नका! चार वाजता पाणी सुटणार आहे!"

मी दचकले. तो पत्र्यासारखा आवाज माझाच होता, आणि मला रडू येत होतं. नदीकाठच्या बायांनी धुणं गोळा केलं, कोणी म्हशी हाकल्या. मधल्या खडकावर मुंडासं बांधलेला एक म्हातारा मात्र मान वर करीना. एकदा वाजलं, दोनदा वाजलं. तिसऱ्यांदा त्याने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघितलं… आणि तो उठला. प्रेमानंद गुडघाभर पाण्यात धावला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला.

"कोन वरडून राहिलं व्हतं?" बाबांनी ओलं जाळं जीपमध्ये टाकत विचारलं. "म्या म्हनलं कोनी साहेबीन आली, म्हनून उठलो. याचं तर रोजचंच."

अजून दोन वस्त्या राहिल्या होत्या. भोंगा डोक्यावर गरजत होता, आणि प्रेमानंद जीप चालवता चालवता मला काहीतरी सांगत होता. ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही येईना.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. मी भोंगा बंद करायला हात पुढे केला, तर त्याने तो धरला आणि मान हलवली. चार वाजेपर्यंत नाही. हात मात्र सोडला नाही. ती वीस मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत.

चार वाजून गेले. गढूळ पाणी आलं आणि मधला खडक बघता बघता दिसेनासा झाला. आम्ही तिघंही त्या जागेकडे बघत राहिलो. मग त्याने भोंगा बंद केला.

"आता बोला," मी म्हणाले.

त्याने मागे बसलेल्या बाबांकडे चोरून बघितलं.

"उद्या घसा बरा हुईल. मंग तुमच्याकडं यायला कारन ऱ्हानार न्हाई… म्हनून आजच सांगून राहिलो. तुमी मला लई आवडल्या. मी यत जाऊ का? बिनकामाचा?"

"मोठ्यानं बोल की रे!" मागून बाबा खेकसले. "मला बी ऐकू दे!"

त्याला मोठ्याने बोलताच येत नव्हतं. म्हणून मीच मागे वळले.

"व्हय म्हनून राहिले मी त्यांना, बाबा!"