बोरू वटवट्याची अर्धी तान

डॉ. निलोफर तांबोळीच्या प्रयोगशाळेत ना काचेच्या नळ्या होत्या, ना पांढरे डगले. एक मोठा पडदा, दोन स्पीकर आणि खिडकीतून दिसणारं गवळतळं, एवढाच तिचा संसार. तळ्याच्या काठाकाठाने हरितविहार वसाहतीची फिरायची पायवाट जाते. त्या वाटेवर आठ वर्षांपूर्वी तिने शंभर-शंभर पावलांवर कानखांब रोवले होते. कानखांब म्हणजे नुसता ऐकणारा खांब. माणसांचं बोलणं तो जागच्या जागी पुसून टाकी आणि पाखरांचे आवाज तेवढे इकडे पाठवी. वसाहतीतल्या लोकांनी आधी त्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि मग ते त्यालाच टेकून बुटांच्या नाड्या बांधू लागले.

त्या शनिवारी तिच्यासमोर हेमंत राजवाडे सर बसले होते. सर निवृत्त प्राध्यापक, तळे संवर्धन समितीचे अध्यक्ष आणि दर रविवारी वसाहतीतल्या पोराथोरांना पाणथळीवर नेऊन पक्षी दाखवणारे. निलोफर दहा वर्षांची असताना पहिला बोरू वटवट्या तिला सरांनीच दाखवला होता. हा पक्षी भुरा, चिमणीपेक्षा जरासा मोठा, आणि पाणकणसाच्या उंच गवतात असा दडतो की वर्षभर त्याचा आवाज ऐकणाऱ्यालाही तो दिसत नाही. पण सर काठावरच्या आडोशात जाऊन बसले की पाचच मिनिटांत तो हजर. पोरं म्हणत, सरांना पाखरांची भाषा येते. सरांनी हे कधी खोडून काढलं नव्हतं.

आता त्या पक्ष्याच्या चौसष्ट जोड्यांपैकी अकरा उरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सरांनीच अहवाल लिहिला होता की तळ्यात फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणाऱ्या भोई लोकांमुळे पक्षी बुजतात. त्या अहवालावर भोयांना तात्पुरती बंदी झाली. सोमवारी समितीत ती कायमची व्हायची होती, आणि त्यासाठी सरांना निलोफरच्या आकड्यांची जोड हवी होती. आपण जिंकायलाच आलो आहोत, अशा थाटात ते चहा पीत होते.

"सर, भोयांचा काही संबंध नाही," निलोफर म्हणाली. "पक्षी बुजलेले नाहीत. ते चुकीचं गाणं शिकलेत."

मग तिने समजावून सांगितलं. या पक्ष्याला गाणं आईच्या पोटातून येत नाही, ते ऐकून शिकावं लागतं. जन्मानंतरचे पहिले दोन महिने कोवळ्या कानाचे. त्या दिवसांत जे जास्त ऐकू येईल, मोठ्याने येईल, ते पिल्लू उचलतं. मग कान बंद. पुढे मरेपर्यंत तेच गाणं, त्यात बदल नाही. म्हणजे रक्ताची वंशावळ वेगळी आणि सुरांची वेगळी. ही दुसरी, स्वरवंशावळ, तिने आठ वर्षांच्या नोंदींवरून मांडली होती आणि गणिताने तिच्या मुळाशी जाऊन पोचली होती.

"मूळ गाण्याच्या शेवटी एक लांब उतरती तान असणार. मादी तिचीच वाट पाहते. आताच्या बहुतेक नरांमध्ये ती नाहीच. तिच्या जागी दोन कोरडे टिचके आहेत."

सरांनी विचारलं, की अशा गाण्यावर मादी भाळत नसेल तर ते केव्हाच संपायला हवं होतं, नाही का? प्रश्न रास्त होता.

"तिथेच तर गंमत आहे. जोडी जमलेला नर गाणं कमी करतो, त्याला घरचे व्याप असतात. जोडी न जमलेला दिवसभर गात बसतो. म्हणजे शेजारच्या घरट्यातल्या पिल्लांच्या कानावर कुणाचं गाणं जास्त पडतं? त्या एकट्याचंच. दर पिढीत चांगलं गाणं मागे पडत गेलं."

सरांच्या हातातला कप खाली आला. सुरुवात कुणी केली, असं त्यांनी विचारलं. निलोफरने सांगितलं की तो पहिला गुरू पक्षी नव्हता. जिवंत पक्षी एकच तान दोनदा हुबेहूब गात नाही, आणि हा गुरू हजारो वेळा तसूभरही न बदलता गायला होता. ते ध्वनिमुद्रण होतं. पक्षी आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून बाहेर यावा म्हणून कुणीतरी इथे फोनवर वर्षानुवर्षं त्याचंच गाणं वाजवलं होतं. खांब रोवण्याआधीच ते थांबलं होतं, त्यामुळे माणूस कळायला मार्ग नव्हता. कुणीतरी उतावळा फोटोवाला असेल, ती म्हणाली, आणि तिने स्पीकर सुरू केला.

कर्रा कर्रा किट, कर्रा कर्रा किट, च्च्. च्च्.

दुसऱ्या टिचक्याला राजवाडे सरांना ओळख पटली. तो आवाज पाखराचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या जिभेचा होता.

वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांना लख्ख आठवली. आडोशात बसून ते ध्वनिमुद्रण करत होते, पक्षी रंगात आला होता, आणि नेमका तेव्हा एक भोई ट्यूबवरून हात मारत समोरून चालला होता. बोललं तर मुद्रण बिघडेल, म्हणून सरांनी कुत्र्याला हाकलावं तशी जीभ वाजवली होती, दोनदा, हातानेही 'हो बाजूला' केलं होतं. त्या टिचक्यांच्या पुढचं कापून त्यांनी ते फोनवर ठेवलं होतं. पुढे बारा वर्षं दर रविवारी कोटाच्या खिशात तो फोन वाजत असे. सरांना पाखरांची भाषा येते, ती ही अशी.

बोलायला हवं होतं. पण समोर बसलेली मुलगी त्यांच्याकडे विश्वासाने पाहत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि यावर उपाय काय, एवढंच विचारलं. उपाय सोपा होता आणि कठीणही. यंदाच्या पिल्लांना कोवळ्या कानाच्या दिवसांत अस्सल गाणं ऐकवायचं. पण अस्सल शेवट होता कुठे? जे उरलेले अकरा नर जोडीने होते त्यांचीही तान आखूड झाली होती. इतर तळ्यांवरचे पक्षी वेगळ्या ढंगाने गातात. टिचके पुसून टाकता येतील, निलोफर म्हणाली, पण पुसलं की तिथे नुसती पोकळी राहील.

घरी परतताना सोसायटीच्या फाटकाशी रखवालदाराने उठून सलाम केला. अंकुश लिंबोरे त्याचं नाव. तळ्यावर बंदी आली तेव्हा जाळं माळ्यावर टाकून तो या नोकरीला लागला होता. दोन वर्षं रोज तो सरांना दार उघडून देत होता. सरांनी मान खाली घातली आणि भरभर आत गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ते वर्गात पोरांना शिकवत असत.

त्यांनी जुन्या पेटीतून न कापलेलं मुद्रण शोधून काढलं. नष्ट करायला काढलं होतं, हेही इथे सांगून टाकलेलं बरं. पण मिटवण्याआधी एकदा ऐकावं असं त्यांना वाटलं. कर्रा कर्रा किट, मग च्च्, च्च्, मग पाण्यावर हात मारल्याचा आवाज. आणि मग दूर जाणाऱ्या त्या माणसाने सहज, चालता चालता गुणगुणावं तशी शीळ घातली होती. पाखराची अडवलेली तान त्याने पुरी केली होती. लांब, उतरती, शेवटाला किंचित थरथरणारी. वाऱ्याने ती अस्पष्ट झाली होती, पिल्लांना शिकवण्याइतकी स्वच्छ नव्हती. पण ती शीळ कुणाची, हे सरांना ठाऊक होतं. फाटकातून जाणाऱ्या गाड्या मोजताना तो माणूस अजूनही तीच शीळ घाली. सरांनी एकदा सोसायटीकडे त्याची तक्रारही केली होती.

रविवारी सकाळी ते फाटकाच्या चौकीत गेले. अंकुशने खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, मुद्रण, फोन, जिभेचा आवाज, अहवाल. लाज माणसाला कशी खाते ते तेव्हा त्यांना कळलं, सहासष्टाव्या वर्षी.

अंकुशने पुढे केलेली खुर्ची परत भिंतीशी लावली.

"फोन वाजवताय हे आमाला म्हाईत हुतं, सर," तो म्हणाला. "पाण्यावरनं दिसायचं की. आमची पोरं हसायची, सरांच्या खिशात पाखरू हाय म्हणून."

"मग कुणाला सांगितलंत का नाही?"

"कुणाला सांगणार? समितीचं अध्यक्ष तुमीच."

पिल्लांसाठी शीळ घालाल का, असं सरांनी विचारलं, आणि विचारतानाच आपण किती मोठं मागतो आहोत ते त्यांना जाणवलं.

"घालीन. पण काठावर उभा राहून न्हाई. माज्या ट्यूबवर बसून, जाळं टाकत घालीन. आमच्या आज्यापासनं तशीच घालत आलोय."

सोमवारी समितीत राजवाडे सरांनी बंदीचा ठराव मांडला नाही. उठून मुद्रण ऐकवलं, आधी कापलेलं आणि मग अख्खं. निलोफर पुढच्या रांगेत होती. पाखरं बोलावण्याची ती जादू कशी होती ते कळल्यावर तिचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा झाला, आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली. सरांना बाकी सगळं सोसवलं, ते सोसवलं नाही. कुणीतरी समजुतीने म्हणालं, की चूक नकळत झाली. सर म्हणाले की फोनने काय होतंय ते कळलं नसेल, अहवाल मात्र कळून लिहिला होता. भोई बुजवतात असा एकही पुरावा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी अध्यक्षपद सोडलं, बंदी उठली.

पुढच्या दोन महिन्यांत अंकुश रोज पहाटे पाण्यात असे, आणि काठावरच्या स्पीकरवर टिचके पुसलेलं गाणं संपलं की शीळ घाली. पिल्लं कणसात बसून ऐकत. वर्षाने त्यांना कंठ फुटला तेव्हा निलोफरच्या पडद्यावर पहिल्यांदा ती उतरती तान उमटली. जोड्या अठरा झाल्या. तिने सरांना निरोप पाठवला, येऊन ऐका. निरोप दोन ओळींचा होता, पण आला होता.

सर पायवाटेने गेले. आडोशापाशी जायचं त्यांनी टाळलं होतं, पण वाट तिथूनच जात होती. सगळीकडून नवं गाणं येत होतं, पुरं, लांब. आडोशासमोरच्या कणसात मात्र एकच जुना नर, जोडी न जमलेला, जीव तोडून गात होता. त्याचे कान केव्हाच बंद झाले होते. निलोफरच्या हिशेबाने तो अजून चारेक वर्षं जगणार होता.

अंकुशची ट्यूब समोरून आली. नर ताडकन कणसाच्या शेंड्यावर चढला. कर्रा कर्रा किट, च्च्, च्च्.

अंकुशने वर पाहिलं, मग काठावर उभ्या सरांकडे पाहिलं. रागाने नाही, नेहमीसारखंच.

"सर," तो म्हणाला, "ह्यो अजून मला हाकलतोय."

आणि त्याने जाळं फेकलं.