सेलचा डबा

"मेटाफेज!" अंकिता ओरडली.

"मेंढरं मधोमध रांगेत!" मल्हारनंही ओरडूनच उत्तर दिलं.

"अ‍ॅनाफेज!"

"निम्मी ह्या वाड्याकडं, निम्मी त्या वाड्याकडं! नुसती ओढाओढी!"

"आणि टेलोफेज?"

"दोन वाडे झाले, दोन्हींना वाघर लावली. झोपा आता!"

संघप्रिया खदाखदा हसली. दिवाळीची सुट्टी होती. विजापूर रोडवरच्या आपल्या बंद शाळेच्या व्हरांड्यात ही तिघं दहावीच्या बायोलॉजीची उजळणी करत बसली होती. शाळा सेमी इंग्रजी, म्हणजे विज्ञान इंग्रजीतून आणि बोलणी मराठीतून! पेशीला इथं सेल म्हणायचं. मल्हार सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, मामाकडं राहून शिकणारा. एका सेलचे दोन सेल कसे होतात ते त्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा त्यानं सेलमधल्या क्रोमोसोमची मेंढरं केली आणि सेलभोवती मेंढरांचं जाळं, म्हणजे वाघर लावली. त्या दिवसापासून तिघांपैकी कुणीच तो धडा विसरलं नाही.

"सरांपेक्षा तू बरा शिकवतोस की!" अंकिता म्हणाली.

"सर शिकवत्यात कुटं? जर्नल उतरवा म्हणत्यात."

खोटं नव्हतं ते. जूनपासून पोरांसाठी लॅबचं कुलूप एकदाही निघालं नव्हतं. एका पोरानं गाइडातून जर्नल लिहिलं होतं आणि नव्वद पोरांनी त्यावरून उतरवलं होतं. त्यानं कांद्याच्या मुळाचं चित्र उलटं काढलं, तर नव्वदांचा कांदा उलटा! सरांनी नव्वदही जर्नलांवर 'उत्तम' असा शेरा मारला होता. खरा सेल एकानंही पाहिला नव्हता. परीक्षेत मात्र त्याचे मार्क मिळणार होते.

"आज किल्ली मागायचीच," संघप्रिया पुस्तक मिटत म्हणाली.

अंकितानं तिच्याकडं पाहिलं. तिला कारण ठाऊक होतं. मल्हार नवा होता, त्याला नव्हतं.

"एवढं काय हाय त्या लॅबमधी?"

संघप्रियानं पुस्तक दप्तरात कोंबलं. मग म्हणाली, "आई आहे."

"आँ?"

"माझी आई इथं लॅब असिस्टंट होती. मीनाबाई. काचेच्या स्लाइड तीच बनवायची. कांद्याची साल, बेडकाचं रक्त, सगळं. एकदा तिनं काडीनं स्वतःच्या गालाच्या आतून खरवडलं, ते काचेवर पसरलं, वाळवलं, निळ्या रंगात रंगवलं आणि वर पातळ काच चिकटवली. कडेनं आपलं लाल नेलपॉलिश लावलं. मी तेव्हा पाचवीत होते. मला बघायचंच होतं! तर म्हणाली, 'दहावीला आलीस की दाखवीन. आत्ता बघून कळायचं नाही तुला.'"

"मग?"

"मग मी सातवीत असताना ती तापानं गेली. आठ दिवसांत."

मल्हारनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

घरी आईचा एकच नीट फोटो होता, आणि त्यातही आई भलतीकडंच बघत होती. साड्या मावशीकडं गेल्या होत्या. जेवणाचा डबा, चष्मा, चपला, या सगळ्या आईच्या वस्तू. पण त्या काचेवर वस्तू नव्हती. त्या काचेवर आई होती! तीन वर्षं संघप्रियानं दहावीची वाट पाहिली होती. लोक दहावीला घाबरतात, ही दिवस मोजत होती.

ऑफिसात हेडक्लार्क हिंदुराव भाऊसाहेब एकटेच बसले होते. पुढ्यात डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या खुर्चीपासून घंटेपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद असलेली जाडजूड वही. शेजारी चिवड्याची बशी.

"लॅब?" ते चिवडा चावत म्हणाले. "लॅब विसरा आता. तिथं स्मार्ट क्लासरूम होणार. परवाच साफ केली."

"साफ म्हणजे?"

"साफ म्हणजे साफ! निकामी माल गेला भंगारात."

संघप्रिया धावतच लॅबच्या खिडकीशी गेली. जाळीला नाक लावून तिनं आत पाहिलं. टेबलावर फडक्याखाली मायक्रोस्कोप होता. पण भिंतीतलं कपाट सताड उघडं होतं आणि त्याचा मधला कप्पा रिकामा होता. आईचा लाकडी डबा तिथंच असायचा!

ती तशीच धावत परत आली. "भाऊसाहेब, स्लाइडचा डबा कुठंय?"

"कसला स्लाइडचा डबा? हे बघ, काय काय गेलं त्याची यादी. आहे का स्लाइड म्हणून एक तरी अक्षर?"

तिघांनी रजिस्टरवर डोकी घातली. मोडके स्टँड. तडकलेल्या परीक्षानळ्या. फाटके नकाशे. आणि खाली: सेल, डबा एक, नग पन्नास, निकामी.

अंकिताचं बोट तिथंच थांबलं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही!

"भाऊसाहेब, शाळेत भिंतीवरची घड्याळं किती?"

"चार."

"त्यातली तीन बंद," मल्हारनं भर घातली.

"मग पन्नास सेल कशाला लागत होते शाळेला?"

हिंदुराव चिवडा चावायचे थांबले.

"डबा लाकडी होता?" संघप्रियानं विचारलं. "झाकणावर काय लिहिलं होतं?"

"सेल, आणि खाली पन्नास! इंग्रजीत, चांगल्या ठळक अक्षरात! मला काय इंग्रजी येत नाही होय? जुने सेल गळतात, हाताला लागतं ते. म्हणून मी उघडलाच नाही. हलवून पाहिला, खुळखुळ वाजला. लिहून टाकलं."

मग मल्हार ओरडला, "अवो भाऊसाहेब! त्ये घड्याळातलं सेल न्हवतं! अंगातलं सेल हुतं!"

हिंदुरावांचा चेहरा आधी गोरामोरा झाला आणि मग लाल. आपलं चुकलं असं म्हणायला दोन शब्द लागतात. ते दोन शब्द सोडून ते बाकी सगळं बोलले. "आता काही उपयोग नाही! निर्लेखन झालं. रजिस्टरमधून कायमचं कमी! हेडमॅडमची सही झाली. कागदावर जी वस्तू नाही, ती शाळेची नाही. जा, अभ्यास करा!"

"कुणी नेलं ते तरी सांगा!"

"सिद्धाप्पानं. अक्कलकोट रोडला दुकान आहे. पण दुपारी बाराला त्याचा काचेचा टेम्पो निघतो, तेव्हा उगीच..."

ऑफिसातलं चौथं घड्याळ सव्वाअकरा दाखवत होतं. अंकितानं यादीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिघं पळत सुटली.

सायकली दोन, माणसं तीन! मल्हारच्या कॅरियरवर संघप्रिया. सात रस्ता गेला, अशोक चौक गेला. नोव्हेंबर असला तरी सोलापूरचं ऊन ते, डोकं तापवत होतं. चढ आला की संघप्रिया उडी मारून सायकल ढकलायची.

"फुटल्या असतील का रे?" तिनं विचारलं.

"गप बस. पायडल मारताना असलं इचारू नगं. पायातलं बळ जातंय."

भंगाराच्या आवारात पोचली तेव्हा टेम्पो घुरघुरत होता. फाळका लागलेला, ड्रायव्हर बसलेला! मल्हारनं मागंपुढं न बघता सायकल थेट फाटकात आडवी टाकली आणि मेंढरं वळवताना घालतात तशी आरोळी ठोकली. "हुर्रर्रर्र! हे!" टेम्पो कचकन थांबला.

"ए हुडुगा! ए पोरा!" सिद्धाप्पा बनियनवरच धावत आला. "मरायचंय का? सायकल उचल!"

"काका, परवा शाळेतून लाकडी डबा आणला का तुम्ही?" संघप्रियाला धाप लागली होती. "त्यात आमच्या स्लाइड आहेत."

"शाळेनं दिलं, मी आणलं. माल माझा. निघा!"

अंकितानं शांतपणे मोबाइल पुढं केला. "काका, ही शाळेची यादी. इथं पन्नास सेल लिहिलेत. आम्हाला ते पन्नास सेल दाखवा, की आम्ही चाललो."

"कुठले सेल?" सिद्धाप्पा भडकला. "डबा उघडला तर आत नुसत्या काचा! वर सेल, आत काच! तुमच्या भाऊसाहेबानं मला येडा बनवला!"

"म्हणजे यादीवर आहे ते तुम्हाला मिळालंच नाही, आणि मिळालं ते यादीवरच नाही," अंकिता म्हणाली. "मग ते तुमचं कसं?"

ड्रायव्हर हसायला लागला. "बरोब्बर बोलतीय की वो पोरगी!"

संघप्रिया पुढं झाली. तिला असलं गोल गोल बोलणं जमायचं नाही. "काका, त्यातली एक स्लाइड माझ्या आईची आहे. आई नाही आता. बाकीच्या नाही मिळाल्या तरी चालतील."

सिद्धाप्पानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग ड्रायव्हरवर खेकसला, "गाडी बंद कर रे! डिझेल काय फुकटचं आहे? फाळका पाड!"

डबा रिकामाच एका कोपऱ्यात पडला होता. काचा एका पोत्यात ओतलेल्या होत्या आणि पोती होती अकरा! सिद्धाप्पानं स्वतः ताडपत्री अंथरली. पोती ओतायची आणि काठीनं पसरायची. सरबताच्या बाटल्या, आरशांचे तुकडे, बल्ब. एक पोतं, दोन पोती, सहा पोती. संघप्रियाच्या बोटातून रक्त आलं. तिनं ते कुडत्याला पुसलं आणि पुढचं पोतं ओढलं.

आठव्या पोत्यात चपट्या काचा निघाल्या. बऱ्याच फुटलेल्या. कांदा फुटला होता. बेडूक फुटला होता. मल्हार एकेक काच उन्हात धरून लेबल वाचत होता आणि प्रत्येक वेळी संघप्रियाचं तोंड बघून मान हलवत होता.

"लाल कड!" अंकिता किंचाळली. "थांब, हलू नको! तुझ्या गुडघ्याशी!"

लाल नेलपॉलिशची कड असलेली स्लाइड. एक कोपरा उडालेला. पण मधली पातळ काच शाबूत! चिकटवलेल्या कागदावर बारीक अक्षर होतं: मीना, गाल.

संघप्रियानं ती उचलली नाही. नुसतीच बघत राहिली. सिद्धाप्पानं आपल्या खिशातला धुतलेला रुमाल काढून ताडपत्रीवर ठेवला. "ह्यात घे, बाळ."

शाळेत परतली तेव्हा हेडमॅडम आलेल्या होत्या. विजयमाला मॅडम. कार्टी भंगारवाल्याकडं पळाली म्हणून हिंदुरावांनीच त्यांना फोन केला होता.

"परवानगी कुणाची घेतलीत?" मॅडमनी विचारलं.

संघप्रियाच्या मनात दुपारभर जे साठलं होतं, ते एकदम बाहेर पडलं. "मॅडम, तुम्ही सही केली तेव्हा डबा उघडून पाहिला होता?"

"संघप्रिया!" हिंदुराव ओरडले.

"भाऊसाहेबांनी उघडला नाही. सरांनी कधी उघडलाच नव्हता. सगळ्यांनी सही केली! आम्ही जर्नलात एक ओळ चुकलो तर तुम्ही पान फाडता. तुमचं पान कोण फाडणार?"

मॅडमचा चष्मा हातात आला. रागावणार, असं मल्हारला वाटलं आणि त्यानं दप्तर घट्ट धरलं.

"मी नाही पाहिलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "चुकलंच माझं. भाऊसाहेब, लॅबची किल्ली द्या."

"पण मॅडम, ती वस्तू आता रजिस्टरला घेता येत नाही! निर्लेखन..."

"मग तर बरंच झालं," अंकिता पटकन म्हणाली. "कागदावर जी वस्तू नाही ती शाळेची नाही, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे ही स्लाइड संघप्रियाची!"

मॅडमना हसू आवरेना. "कायदा पाठ दिसतो तुला! बरोबर आहे. घेऊन जा, संघप्रिया. पण आधी आमच्या मायक्रोस्कोपखाली बघ. आणि सुट्टी संपल्यावर रोज दोन तास लॅब उघडी राहील. स्मार्ट क्लासरूम दुसरीकडं बघू. शाबास रे तिघांनो!"

ती शाबासकी मल्हारनं आणि अंकितानं वाटून घेतली. संघप्रिया आधीच लॅबमध्ये शिरली होती.

खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. मॅडमनी मायक्रोस्कोपचा आरसा वळवून दिला. संघप्रियानं डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग स्क्रू फिरवता फिरवता निळसर, चपटे, वेडेवाकडे तुकडे दिसले. प्रत्येकाच्या मधे एक गडद ठिपका.

ती खूप वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय?" मल्हारनं विचारलं.

"सेल." तिचा आवाज बारीक झाला होता. "पुस्तकात आहेत तसेच. कुणाचेही असतील असे." तीन वर्षं तिला वाटत होतं, काहीतरी ओळखीचं दिसेल. काय, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी कपाटातली निळ्या रंगाची बाटली आणली, एक कोरी काच पुसली आणि काडी तिच्या हातात दिली. "आता तुझा गाल."

संघप्रियानं स्वतःची स्लाइड बनवली. मग तिचा नुसता सपाटा सुरू झाला. आईची लाव, आपली लाव. पुन्हा आईची, पुन्हा आपली. तोच आकार, तेच ठिपके, तोच निळा. दहा वेळा बदलून पाहिलं, फरक सापडेना!

तेवढ्यात दारात तिचे पप्पा आले. अंकितानं त्यांना फोन केला होता. त्यांचं नाव हणमंत. ते जुळे सोलापूर भागातल्या एका सोसायटीचे वॉचमन होते, ड्युटीवरून गणवेशातच आले होते. आई गेल्यापासून घरात ते तिचं नावही काढत नसत. संघप्रियाला वाटायचं, पप्पा विसरले.

"हितं हाय म्हणं?" त्यांनी विचारलं.

संघप्रियानं खुर्ची सरकवली. ते बसले, टोपी काढून त्यांनी काखेत धरली आणि वाकून डोळा लावला. एक मिनिट गेलं. दोन गेली. त्यांचे खांदे हलायला लागले.

"व्हय," ते म्हणाले. "व्हय, हीच. मीनाच ही."

संघप्रियानं आपल्या हाताकडं पाहिलं. लाल कडेची स्लाइड तिच्या मुठीत होती. लेन्सखाली तिची स्वतःची होती!

मल्हारनं सांगायला तोंड उघडलं. अंकितानं त्याच्या पायावर सणकून पाय दिला.

"उठू वाटंना गं," पप्पा डोळा न काढताच म्हणाले. "तुला बघायचं आसंल न्हवं?"

"नाही, पप्पा," संघप्रिया त्यांच्या पाठीला टेकून उभी राहिली. "बघा तुम्ही. घाई नाही."