हमालांचे रंग कुणी बदलले?

साहेब, चूक तुमची होती आणि बोट दाखवलंत आत्याकडे! एवढ्या मोठ्या विज्ञान केंद्राचे तुम्ही संचालक. सुट्टीत आलेल्या तीन पोरांना जे दिसलं, ते तुम्हाला दिसू नये?

त्या दिवशी दुपारी पाहुणे यायचे होते, आणि सकाळीच आत्या केंद्रात चालवायची ते यंत्र हट्टाला पेटलं होतं. पेशीत प्रथिन कसं तयार होतं, ते दाखवणारं हे यंत्र. भोकं पाडलेला पट्टा सरके, म्हणजे संदेश. त्याच्यावर एकेक छोटी गाडी येई, म्हणजे ट्रान्सफर आरएनए. आत्या त्यांना हमाल म्हणायची. हमालाच्या पोटाला तीन खुंट्या, डोक्यावर एक मणी. तो मणी म्हणजे अमिनो आम्ल. मण्यांची साखळी बरोबर जुळली की ती आपोआप दुमडून खाचेत बसे आणि दिवा लागे.

आज दिवा काही लागेना.

"भंगार आहे हे!" साहेब ओरडले. "संध्याकाळी उचलायला लावतो. आणि बाई, तुम्हीही दुसरी नोकरी बघा!"

साहेब गेले. आत्या मटकन स्टुलावर बसली.

"रडायचं नाही हं आत्या," तिची मोठी भाची टकळी म्हणाली. "चष्मिष, घुस खाली!"

"दर वेळी मीच का?" कुरकुरत तिचा भाऊ पट्ट्याखाली सरपटला. "तिन्ही खुंट्या भोकांत चपखल बसतायत! यंत्र ठणठणीत आहे!"

तेवढ्यात धाकट्या पिटुकलीने एका हमालाच्या डोक्यावर मण्याऐवजी खोडरबर अडकवलं. पट्टा सरकला, आणि यंत्राने ते खोडरबर मुकाट्याने साखळीत ओवलं!

"अगं, हे यंत्र आंधळं आहे!" पिटुकली खिदळली.

"पेशीत प्रथिन जोडणारा रायबोझोमही असाच," आत्या म्हणाली. "हमालाची खालची तीन अक्षरं, म्हणजे या खुंट्या, संदेशाशी जुळली की झालं. डोक्यावर काय आहे, ते तिथे कुणी बघत नाही."

"मग बघतं कोण?"

"आधीच, माल चढवणारं विकर, म्हणजे एन्झाइम. दर अमिनो आम्लाचं विकर वेगळं. ते आपला हमाल बरोबर ओळखतं."

"आणि इथे?" टकळीने कंबरेवर हात ठेवले.

"इथे मी चढवते. निळ्या हमालावर निळा मणी, पिवळ्यावर..." आत्या बोलता बोलता थांबली.

चष्मिष बाहेर आला, तर त्याच्या कोपराला निळा रंग! "हे ओलं कसं?"

टकळीने किल्लीने एक निळा हमाल खरवडला. आतून पिवळा! दुसरा लाल, आतून हिरवा!

"मी कालपर्यंत रजेवर होते," आत्या पुटपुटली. "परत आले, तर सगळे चकाचक. मला वाटलं, नुसते पुसलेत."

"हमाल जुनेच, रंग नवे!" टकळी ओरडली. "खरवडा रे सगळे!"

नखं रंगली, बोटं सोलवटली. केंद्राच्या नियामक मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या प्राध्यापकबाई पाहुण्यांसह दारात आल्या तेव्हा शेवटचा मणी चढत होता.

"हे यंत्र आपण बंद करतोय," साहेबांनी सुरुवात केली.

"एकदाच बघा ना, बाई!" टकळी आडवी उभी राहिली.

पट्टा सरकला. मणी, मणी, मणी... साखळी दुमडली, खाचेत बसली आणि दिवा लख्ख पेटला! टाळ्यांनी दालन दणाणलं.

चष्मिषने सगळं सांगितलं तशा बाई हसल्या. "शाबास! पट्ट्यावर शोधत बसला असतात तर जन्मभर सापडलं नसतं. चूक माल चढवतानाच झाली होती." मग आत्याकडे वळून त्या म्हणाल्या, "यंत्र इथेच राहील, आणि तुम्हीही!"

आत्याने तिघांना एकदमच कवटाळलं.

साहेब घसा खाकरत म्हणाले, "हमाल दालनाच्या पडद्यांना शोभत नव्हते. रंगाऱ्याला म्हटलं, दे छानसे रंग. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! टकळी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. हातातला खरवडलेला हमाल तिने त्यांच्या नाकासमोर धरला.

"रंग द्यायच्या आधी आत्याला का नाही विचारलंत? आणि न विचारता तिला नोकरीवरून कसं काढत होतात? सांगा ना, साहेब. आम्ही थांबलोय."