तात्यांचा पडदा राहिला

वैजनाथ त्या रात्री घराबाहेर पडला तो फक्त एक दिवा बंद करायला. आप्पासाहेब ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात, आणि सुरू करण्याआधी मफलर कानांवर ओढून घेतात.

परवा त्यांनी ती शनिवार पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सांगितली. ऐकायला शुभंकर आणि उत्कर्षा, वरच्या मजल्यावरची भावंडं. दोघंही आयटीत. त्या आठवड्यात त्यांचा लाडका नट गेला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाहत्यांची श्रद्धांजली सभा होती. चार दिवस ऑफिस सुटल्यावर दोघं तिच्याच तयारीला लागली होती. डोळे तांबारले होते. थंडी अशी की उत्कर्षा म्हणाली, घरातलं खोबरेल तीन दिवस थिजलेलंच आहे, डोक्याला तेल नाही. ती मोबाइलवरून कार्यक्रम वाचून दाखवत होती आणि शुभंकरनं मध्येच सुचवलं, की सुरुवातीला नाटकासारख्या तीन घंटा द्यायच्या. अंगावर काटाच येईल.

खुर्चीत डोळे मिटून बसलेले आप्पासाहेब म्हणाले, "घंटा नको."

का, असं दोघांनी विचारलं. आप्पासाहेबांनी एकतीस वर्षं नाट्यगृहाच्या दारात बॅटरी घेऊन उभं राहून लोकांना खुर्च्या दाखवल्या होत्या. कारण सांगायची त्यांना सवय नव्हती. पण मुलं उठेनात, तेव्हा सांगायला लागले.

वैजनाथ त्याच नाट्यगृहात रंगमंचाचं काम बघायचा. घंटा देणं, पडदा वर घेणं, पडदा पाडणं. नाट्यगृहाचं नाव आप्पासाहेब सांगत नाहीत. नदीपलीकडचं, एवढंच म्हणतात. तिथं सुदर्शन निंबकर यांचं नाटक सतत लागलेलं असायचं. त्यांना सगळे तात्या म्हणत. नाटकात ते एका म्हाताऱ्या पोस्टमनचं काम करत. शेवटी पोस्टमन थकून लाकडी बाकावर बसतो, रिकामी पिशवी मांडीवर ठेवतो, आणि पडदा पडतो. सहाशेच्या वर प्रयोग झाले, तरी लोक त्या जागेला रडायचे.

एकदा नेमका तिथंच पडदा अडकला. मोटर बसवून महिनाही झाला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग हसले, मग उठून घरी गेले. तात्या बाकावर तसेच. मान खाली, हात पिशवीवर. वीस मिनिटांनी वैजनाथनं हातानं दांडा फिरवून पडदा खाली आणला, तेव्हा ते उठले. म्हणाले, "पडदा पडल्याशिवाय नट उठत नाही रे. उठून जाणार कुठं?"

त्यांची दुसरी सवय म्हणजे रंग उतरवल्याशिवाय घरी जायचं नाही. खोबरेल लावून, चेहरा स्वच्छ पुसून, मगच गाडीत बसायचं. हिवाळ्यात खोबरेल थिजायचं. पूर्वी आरशाभोवती पिवळे बल्ब होते, वैजनाथ त्यांच्यावर बाटली धरायचा. पुढं नव्या ट्यूबलाइट आल्या. त्यांना ऊब कुठली? तेव्हापासून शेवटच्या अंकात तो बाटली स्वेटरच्या आत, पोटाशी धरून विंगेत उभा राहायचा. तात्या म्हणायचे, "अंडी उबवतोयस का रे?" पण तेल घेताना त्याच्या पाठीवर हात ठेवायचे.

शेवटच्या वर्षी तात्या फार थकले. पायांना सूज, दोन वाक्यं बोलली की धाप. डॉक्टर नको म्हणत होते, पण लोक सोडेनात. प्रयोग संपला की मेकअपच्या खोलीबाहेर रांग. कुणी पाया पडायचं, कुणी लेकराला मांडीवर द्यायचं. प्रेमच होतं ते. तात्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. एका रात्री रांग संपल्यावर तोंड पुसता पुसता ते एवढंच म्हणाले, "वैजनाथ, घरी जाऊन झोपावंसं वाटतं रे."

डिसेंबरात ते गेले. सोलापूरचा प्रयोग करून रात्री परत येत होते. लोणी काळभोरच्या अलीकडेच, गाडीत, मागच्या सीटवर. चेहऱ्यावर रंग तसाच होता. तेल थिजलेलं होतं म्हणे, वैजनाथ बरोबर नव्हता, आणि ते वितळवायचं दुसऱ्या कुणाला सुचलं नाही. तात्यांना तोवर थांबवेना, म्हणून तसेच निघाले. हे ऐकल्यापासून वैजनाथ नीट जेवला नव्हता.

शोकसभा ठेवली अठरा डिसेंबर दोन हजार तीन, गुरुवारी. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. येरवड्यापासून कोथरूडपर्यंतची माणसं आली, गॅलरीच्या पायऱ्यांवरही जागा उरली नाही. सगळं जमवलं होतं तनुजा नावाच्या मुलीनं. संगणकाच्या कंपनीत होती, लहानपणापासून तात्यांची भक्त. रंगमंचावर तिनं नाटकातला बाक मांडला होता, त्यावर फोटो, टोपी आणि पिशवी. ती विंगेत आली आणि म्हणाली, काका, तीन घंटा द्या.

वैजनाथनं सांगितलं, की शोकसभेला घंटा देत नाहीत. पहिली आणि दुसरी घंटा प्रेक्षकांसाठी असते, बाई. तिसरी नटासाठी असते. ती ऐकली की नट जिथं असेल तिथून विंगेत येतो.

तनुजाचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "शेवटचं, काका. त्यांना आवडेल."

वैजनाथनं बटण दाबलं. तीन वेळा.

पडदा वर गेला आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. नंतर भाषणं झाली, मोठ्या पडद्यावर तात्यांच्या फिती झाल्या. साडेदहा वाजून गेले तरी लोक रांगेनं वर येऊन बाकावर फुलं वाहत होते. वैजनाथ पहाटे पाचपासून उभा होता. घरी बायकोचा, यमुनाबाईंचा, उपास, नैवेद्य दाखवून त्या थांबलेल्या. इतके लोक वर असताना पडदा पाडणार कसा? कुणीतरी पाडेल, असं म्हणून तो निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तो पडद्याआधी घरी गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी, पानं वाढायच्या आतच, घरमालकांकडे फोन आला. नाट्यगृहाचा रखवालदार कोंडीराम बोलत होता. सगळे गेले, फोटोबिटो घेऊन गेले, पण रंगमंचावरचा दिवा चालू हाय. तूच बंद कर की, असं वैजनाथ म्हणाला. मग कोंडीराम म्हणाला, "तुमीच या."

यमुनाबाई म्हणाल्या, देवी अजून मखरातच आहे, तिला तुमच्यासाठी जागं ठेवते. वैजनाथनं स्वेटर चढवला, सायकल काढली आणि पूल ओलांडून गेला. नदीवर धुकं होतं. फाटकात कोंडीराम घोंगडी पांघरून उभा होता. तो आत आला नाही.

वैजनाथ मागच्या दारानं शिरला. विंगेत आला. वर एकच दिवा जळत होता, बाकाच्या बरोबर वर. बाक रिकामा. खाली तुडवलेली झेंडूची फुलं. समोर हजार रिकाम्या खुर्च्या.

पडदा वरच होता.

कुणीच पाडला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःचा राग आला. पण फार थकला होता. उद्या बघू, असं म्हणून त्यानं मेन स्विच खाली ओढला.

अंधार.

बाक करकरला.

वैजनाथ जागच्या जागी थांबला. लाकूड थंडीत वाजतं, हे त्याला ठाऊक होतं. मग श्वास ऐकू आला. धाप लागलेला. दोन वाक्यांनंतर लागायची, तशी.

"... तात्या?"

नुसता तो श्वास. कुणीतरी फार वेळ, मान खाली घालून, न हलता बसलं असावं तसा...

पळावं असं त्याला वाटलं. पाय वळलेही. तेवढ्यात अंधारातून आवाज आला. अगदी हळू. रागाचा नव्हता. दमलेला होता.

"वैजनाथ... पडदा."

मेन बंद होता, मोटर चालणार नव्हती. दिवा लावायची त्याची छाती झाली नाही. चाचपडत त्यानं दांडा शोधला. लोखंड बर्फासारखं गार. फिरवायला लागला. दंड भरून आले. पडदा वीतवीत खाली येत होता. तो थांबला नाही.

पडद्याची कड फळ्यांना टेकली.

बाक करकरला. कुणीतरी उठलं.

पावलं आली. सुजलेल्या पायांची, घासत. वैजनाथच्या समोरून... अगदी समोरून गेली. मेकअपच्या खोलीकडे. आत खुर्ची सरकली.

मग काहीच नाही.

आणि वैजनाथच्या मनात आलं, की तेल थिजलेलं आहे.

तात्यांची इथली बाटली विंगेतल्या त्याच्या फळीवरच होती. त्यानं ती हातानंच शोधली. आत सगळं दगड. स्वेटरखाली, सदऱ्याखाली, नुसत्या पोटाशी धरून तो त्या खोलीच्या दाराबाहेर खाली बसला. आतून मधूनच धाप ऐकू यायची. अर्धा तास गेला. जास्तही असेल. बाटली हलवली, तेव्हा आत तेल हललं.

दार हातभर उघडं होतं. त्यानं आत पाहिलं नाही. बाटली जमिनीवरून आत सरकवली.

"तात्या, तेल घ्या. मग घरी जा."

खुर्ची वाजली.

... पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. क्षणभरच. वैजनाथ मागं न बघता बाहेर आला आणि मागच्या दाराला कुलूप घातलं. घरी पोचला तेव्हा दोन वाजत आले होते. यमुनाबाई बसल्या जागी झोपल्या होत्या. त्यानं त्यांना उठवलं आणि दोघं जेवली. पुष्कळ दिवसांनी तो पोटभर जेवला.

आप्पासाहेब थांबले. मग, शुभंकरनं विचारलं, सकाळी काय झालं?

सकाळी वैजनाथबरोबर कुलूप उघडायला आप्पासाहेबच होते. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची आरशापाशी नीट सारलेली. मेजावर बाटली, टोपण घट्ट लावलेलं. रात्री भरलेली होती, आता निम्मी होती.

शुभंकर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, की कोंडीरामनं लावलं असेल डोक्याला.

"असेल," आप्पासाहेब म्हणाले. "मी तेच म्हणालो होतो."

ते गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात काचेची एक जुनी, चपटी बाटली होती. वैजनाथ पाच वर्षांपूर्वी गेला, तेव्हा यमुनाबाईंनी ती त्यांना दिली होती. आप्पासाहेबांनी ती उत्कर्षाच्या हातात ठेवली. काच इतकी गार होती की तिनं बाटली ओढणीत धरली.

वर घरात तिची बाटली तीन दिवस पांढरी, दगडासारखी पडून होती. तिनं ही बाटली हळूच आडवी केली.

निम्मं तेल, पाण्यासारखं स्वच्छ, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं.