कुंडीचं वजन

रबराच्या झाडाचं खालून दुसरं पान देठाकडून पिवळं पडत होतं. सोमवारी तो पिवळेपणा देठापासून दोन सेंटिमीटरपर्यंत आला होता, गुरुवारी साडेपाच सेंटिमीटरपर्यंत. मी पट्टी लावून मोजलं, वहीत लिहिलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

एका पानासाठी इतकं घाबरावं असं माझं वय नव्हतं. सव्वीस पूर्ण, रसायनशास्त्रात एम.एस्सी., अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. पण त्या झाडावर माझं एक उत्तर अडून राहिलं होतं.

सुरुवात डिसेंबरात झाली, उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात. मी पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. बाबा गेल्यावर ऑर्डनन्स फॅक्टरीचं क्वार्टर आम्हाला सोडावं लागलं आणि आईने व मी बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. क्वार्टरच्या मागे आईचा अळूचा वाफा होता, अबोली होती. इथे खिडकीची जाळी होती, बस. आई दिवसातून दोनदा जाळीशी उभी राहायची आणि खाली बघायची.

कापडाच्या दुकानाच्या पायरीवर एकाने कुंड्या मांडल्या होत्या. मी रंगीत पानांच्या एका क्रोटनपाशी थांबले.

"कुठे ठेवणार?" त्याने विचारलं.

"खिडकीत."

"कुठल्या तोंडाची?"

"पूर्वेच्या. ऊन आठ वाजून दहा मिनिटांनी येतं आणि नऊ पंचवीसला जातं."

त्याने मान वर केली. "मॅडम, लोक विचारतात, लकी झाड कुठलं. ऊन मोजून आणलेलं गिऱ्हाईक आज पहिलंच."

"तीन रविवार मोजलंय. ही सरासरी आहे."

तो हसला आणि हसू लपवायला तोंडावर हात नेला. हाताला माती होती, ती मिशीला लागली. सांगावं की नाही... मी ठरवेपर्यंत गल्ल्यावरून दुकानदार काका ओरडले, "अरे जयदेव, मूंछ पे मिट्टी लगी है! लडकी के सामने इज्जत का फालूदा!"

त्याने मला क्रोटन दिलंच नाही. "एवढ्या उन्हात त्याचा रंग उतरेल, मग तुम्ही मला शिव्या द्याल." फर्न दिलं, मनी प्लांट दिला. कुंड्या दोरीने बांधता बांधता म्हणाला, "नर्सरी बारवी रोडला आहे. झाडाला काही झालं तर या." मग दोरीच्या गाठीकडे बघत, जरा हळू, "नाही झालं तरी या."

जानेवारी संपेपर्यंत आमच्या खिडकीत सात कुंड्या झाल्या होत्या. खिडकीला इतक्यांची गरज नव्हती.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी जयदेवने मला रबराचं झाड दिलं. गुडघ्याएवढं, जाड चकचकीत पानांचं. शेंड्याला लाल टोपीसारखं काही होतं.

"उत्पला," तो म्हणाला. त्या दिवशी 'मॅडम' नव्हतं. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. नाही... लगेच बोलू नका. ह्या टोपीतून नवं पान येईल. ते उघडलं की सांगा."

"थंडीत किती दिवस लागतात?"

"तुम्हाला हवेत तेवढे."

मला होकार ठरवायला खरं तर घरी पोचेपर्यंतचाही वेळ लागला नाही. अडलं होतं ते आईशी. आम्ही बौद्ध. जयदेव बारवीकडच्या हिंदू शेतकऱ्याचा मुलगा. आई ज्या गावात वाढली तिथे तिच्या माणसांना विहिरीला हात लावू देत नसत. कुणी येऊन वरून ओतेल तेवढंच पाणी, आणि कुणी आलंच नाही तर रिकामा हंडा. आईने हे मला कधी सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं. अशा बाईसमोर उभं राहून, मी त्या बाजूच्या घरात जाते म्हणून कसं सांगायचं? रोज रात्री जेवताना मी वाक्य जुळवायची. रोज आई विचारायची, "काय गं, भाजी खारट झाली का?" आणि मी म्हणायची, "नाही, चांगली झालीय."

म्हणून मी पानाची वाट बघत राहिले. तेवढी सवलत मला मिळालेली होती. आणि मार्च उजाडला तशी टोपी न उघडताच वाळली.

मग मी झाडाच्या मागे लागले. नळाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं, क्लोरीन तपासलं. ठीक होतं. कुंडी दोनदा सरकवून जागा बदलली. पाणी सोमवारी आणि शुक्रवारी, मोजपात्राने, दोनशे मिलिलिटर. मातीवर मीच शोभेचे पांढरे गोटे पसरले होते, तेही वरच्यावर पुसून घेतले. शुक्रवारी ते पिवळं पान गळालं. गळताना आवाज झाला, इतकं ते जाड होतं.

शनिवारी अर्धा दिवस होता. मी थेट नर्सरीत गेले. जयदेव पिशव्यांमध्ये शेणखत भरत होता. मला पाहून तो उठला, पण नेहमीसारखा हसला नाही.

"बरं झालं आलात. उद्या मामा एक स्थळ घेऊन येतायत. शहाडची मुलगी. दोनदा टाळलं मी. आई म्हणते, तुझ्या त्या मुलीकडून होकार नाही, नकार नाही, मी माझ्या भावाला कुठल्या तोंडाने थांबवू?"

"झाड आजारी आहे," मी म्हणाले.

"उत्पला, मी काय सांगतोय..."

"तेच सांगतेय मी पण. टोपी वाळली. काल पान गळालं. मला वाटतं ते मरतंय." आणि माझा आवाज फुटला. प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली फुटली तेव्हासुद्धा तो असा फुटला नव्हता.

जयदेवने हात पुसले. "चला. बघू दे मला."

त्याच्या लूनावर आम्ही बदलापुरात आलो, मध्ये खताची पिशवी ठेवून. वाटेत तो एवढंच म्हणाला, "पिशवी घट्ट धरा. मला धरलं तरी चालेल, पण खत महाग आहे."

मला हसू आलं, पण बदलापूर जवळ येताच ते मावळलं. आई घरी होती.

दार तिनेच उघडलं. मी म्हणाले, "हे नर्सरीवाले. झाड बघायला आलेत."

"जय भीम," आई म्हणाली.

"जय भीम, मावशी," तो म्हणाला आणि चपला बाहेर काढून आत आला.

आईने पाणी आणलं. त्याने एका दमात पेला रिकामा केला. "अजून मिळेल का? तिसरा मजला चढून जीव गेला." आईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दुसरा पेला आणला.

जयदेव खिडकीशी गेला. पानं त्याने पाहिलीच नाहीत. वाकून कुंडी दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर तशीच धरली आणि खाली ठेवली.

"पाणी किती घालता?"

"दोनशे मिली. सोमवारी आणि शुक्रवारी."

"काल घातलेलं?"

"काल सकाळी."

"दोनशे मिलीने कुंडी एवढी जड होत नाही." त्याने गोटे बाजूला सारून बोट मातीत खुपसलं. बोट चिखलाने माखून बाहेर आलं, वास मारत. "खालचं भोक मुळांनी बुजलंय. आणि इथे रोज कुणीतरी पाणी घालतंय."

ज्या बाईच्या टेबलावर मिलिग्रॅम मोजणारा तराजू होता, तिने दीड महिन्यात ही कुंडी एकदाही उचलून पाहिली नव्हती. पाण्यात काय आहे ते तपासलं, पाणी किती आहे ते नाही.

आम्ही दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं. आई पदराने कोरडेच हात पुसत होती.

"सकाळी सहाला नळ येतो," ती म्हणाली. "ताजं भरायचं तर हंड्यातलं कालचं शिळं पाणी कुठे टाकू? मोरीत ओतायला हात होत नाही माझा. तू झोपलेली असतेस... मग घालते एकेक तांब्या सगळ्या कुंड्यांना."

"रोज, आई?"

"रोज." मग घाबरून जयदेवला, "मेलं का हो ते? पोरीचा जीव आहे त्याच्यावर. रोज पट्टी लावून बसते."

माझे कान तापले. जयदेवने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"नाही मेलं, मावशी. आणि चूक तुमची नाही. झाड मी चुकीचं दिलं. फर्नला तुमचं पाणी चाललं, मनी प्लांटलाही चाललं. ज्या घरात पाणी टाकवत नाही, त्या घरी अळू द्यायचं."

"अळू?" आईचा चेहरा एकदम बदलला. "कुंडीत येतं?"

"जुन्या बादलीत येतं. जेवढं ओताल तेवढं पितं."

त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि झाड कुंडीतून बाहेर काढलं. बरीच मुळं काळी, मऊ झाली होती. खिशातल्या सुरीने तो ती एकेक कापू लागला. आई त्याच्या समोर उकिडवी बसली. मी उभीच होते.

"तुमच्याकडे पाणी कुठलं?" आईने विचारलं.

"आवारात विहीर आहे."

"कोण कोण भरतं?"

सुरी थांबली. दीड महिना मी ज्या प्रश्नाला भीत होते तो हाच होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघूच शकले नाही. त्याच्या बोटांमधल्या मुळाकडे बघत राहिले.

"आजोबांच्या वेळी सगळ्यांना भरू देत नव्हते, मावशी," तो सावकाश म्हणाला. "खोटं कशाला सांगू? वडील हाती कारभार आल्यावर भरू देऊ लागले. आमचे काही नातेवाईक त्यावरून आजही आमच्याकडे जेवत नाहीत. आणि आई... आईला मी मागच्या महिन्यात एका मुलीचं सांगितलं. तुमच्यातली आहे म्हणून सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही."

"मग?"

"चौथ्या दिवशी भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, एवढी शिकलेली पोरगी आहे, माझ्या हातचं खाईल का रे?"

आई हसली नाही. तिने वर्तमानपत्रावरची ओली माती हाताने एका बाजूला लोटली. मग म्हणाली, "ती पण भ्यालीय म्हणायची." आणि जरा थांबून, "कोण मुलगी?"

जयदेवने माझ्याकडे पाहिलं नाही, खूणही केली नाही. खाली मान घालून तो पुढचं काळं मूळ शोधू लागला. ते उत्तर माझं होतं आणि त्याने ते माझ्यासाठीच ठेवलं. कापलेल्या मुळांच्या मधोमध एक पांढरं, कोवळं मूळ होतं. जेमतेम एक सेंटिमीटर. मी मोजलं नाही, अंदाजाने सांगते.

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी वर्तमानपत्राच्या कडेला, दोघांच्या मध्ये खाली बसले. जरुरीपेक्षा जरा मोठ्यानेच बोलले.

"मी, आई. ती मुलगी मी आहे. आणि मला यांच्याशी लग्न करायचंय."